सहा म्हंजी सहा

आमच्या गल्लीतले निकाळजे काका माणसाच्या तोंडाकडे नंतर बघतात, आधी त्याच्या टायरकडे बघतात. तुम्ही त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलात, गाडी स्टँडला लावलीत आणि वळून नमस्कार केलात, तर समोर कुणीच नसतं. काका खाली असतात. तुमच्या मागच्या चाकापाशी उकिडवे बसून, चष्मा कपाळावर चढवून, टायरच्या कडेची धूळ अंगठ्यानं पुसत. मग खालूनच आवाज येतो, "सोळा सालचं हाय. कसं काय फिरायलात तुम्ही?"

पाच वर्षांपूर्वी मी बजाजनगरात राहायला आले तेव्हा माझंही स्वागत असंच झालं. सामान उतरवून घामाघूम होऊन ओट्यावर बसले होते. बघते तर एक उंच, वाळका, पांढऱ्या मिशांचा माणूस माझ्या स्कूटीच्या चाकाशी काहीतरी करतोय. मला वाटलं, हवा सोडतोय. मी ओरडले, "ओ, काय करायलात तिथं?"

त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. "हिची जन्मतारीख माहितीय का?"

"गाडीची? कागदावर असंल."

"गाडीची नाय. टायरची."

ती जन्मतारीख कशी वाचायची, हे त्यांनी मला तिथल्या तिथं शिकवलं. टायरच्या कडेला एका लांबट चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. तेवीस चौदा म्हणजे चौदा सालचा तेविसावा आठवडा. ही चौकट टायरच्या एकाच अंगाला असते, दुसऱ्या अंगाला कितीही शोधा, सापडत नाही. "जूनच्या पहिल्या हप्त्यात जन्मलंय तुमचं," काका उठता उठता गुडघे चोळत म्हणाले, "अन् सहा वरीस होऊन गेली. उद्याच्या उद्या बदला." मी म्हटलं, अहो पण नक्षी तर नव्यासारखी आहे. काका माझ्याकडे असं बघायला लागले, की मीच माझ्या अकलेची नक्षी चाचपून बघितली.

"हे बघ पोरी," ते म्हणाले. अहोजाहो संपलं होतं. "टायर चालून मरत नाय. बसून मरतं. चालणाऱ्याचं रबर हलतं, बोलतं. बसलेलं आतून वाळायला लागतं अन् वरून तसंच काळंभोर. झिजो ना झिजो, सहा वर्षांत बदलायचं. सहा म्हंजी सहा."

हे 'सहा म्हंजी सहा' मी नंतर हजारदा ऐकलं. मुळात काकांचं म्हणणं मला इतरांपेक्षा लवकर पटलं, आणि हीच माझी चूक झाली. मी वाळूजच्या एका कंपनीत स्टोअरला आहे. आमच्याकडे रबराच्या ऑइल सीलची मुदत लिहिलेली कार्डं असतात, मुदत टळली की न वापरलेला मालसुद्धा बाद. हे मी काकांना सांगितलं, आणि त्या दिवसापासून काका मला शिष्या समजायला लागले. रोज सकाळी कामावर निघाले की हाक यायची, "जोती, समोरचं रिक्षाचं सांग बरं, चष्म्याबिगर." मी वाचायची. शाळेत पाढे म्हणताना आला नसेल एवढा घाम मला त्या रिक्षावाल्यासमोर फुटायचा.

काकांचं सगळं आयुष्य इथल्याच एका कारखान्यात मालरवानगीच्या खात्यात गेलं. माल भरलेल्या गाड्या फाटकातून सोडायच्या आधी टायर बघायचं काम त्यांच्याकडे. निवृत्त झाल्यावर फाटक सुटलं, बघणं सुटलं नाही. उलट आता सगळं शहर त्यांच्या फाटकात आलं.

माझ्या नणंदेसाठी फुलंब्रीचं स्थळ आलं तेव्हा आम्ही काकांना मोठं माणूस म्हणून बरोबर नेलं. मुलगा चांगला, घर चांगलं, पोहे तर फारच चांगले. चहा येईपर्यंत काका गायब. मी खिडकीतून पाहिलं, तर स्वारी अंगणात मुलाच्या चारचाकीला प्रदक्षिणा घालत होती. आत आले, पाणी प्यायले आणि मुलाच्या वडिलांना म्हणाले, "पाव्हणं, पोरगा एकोणतीसचा, टायर अकराचं. मेळ बसंना."

मला भुईत गडप व्हावंसं वाटलं. परतीच्या वाटेवर माझी सासू काकांशी एक शब्द बोलली नाही. पण चौथ्या दिवशी मुलानं चारही टायर बदलले, प्रत्येकाच्या चार आकड्यांचे फोटो काढले आणि काकांना पाठवले. काकांनी फोटो मोठे करकरून बघितले, सासूला जाऊन सांगितलं, "द्या पोरगी. सांगितलेलं ऐकतो." लग्न झालं. संसार छान चाललाय. अजूनही जावई सासुरवाडीला आला, की आधी काकांच्या दारावरून गाडी हळू नेतो.

एकदा तर त्यांनी शववाहिनी थांबवली. गल्लीच्या तोंडाशी रस्ता खोदलेला, म्हणून गाडी क्षणभर उभी राहिली होती. काका खाली बसले, अंगठा फिरवला आणि ड्रायव्हरला म्हणाले, "मागचं डावं दहा सालचं हाय." ड्रायव्हर वैतागून म्हणाला, काका, बाजूला व्हा, मयत आहे आत. काका म्हणाले, "त्याला आता काय व्हायलंय? तुम्ही सहा जण बसलायत त्याची काळजी करायलो." आतल्या रडणाऱ्या माणसांनीसुद्धा एकमेकांकडे बघितलं. गाडी गेली, पण सावकाश गेली.

वाळूज रस्त्यावरच्या रशीदभाईच्या टायरच्या दुकानात तर काकांचा धाक होता. काका लांबून दिसले की रशीदभाई आत बघून ओरडायचे, "चाचा आ रै, पुराना माल पिच्छे लेव!" काका रोज संध्याकाळी तिथं जाऊन बसायचे. नवीन आलेल्या टायरांवर रबराचे बारीक केस असतात, त्यांना काका 'जावळ' म्हणतात. त्या जावळावरून हात फिरवायचे, जन्मतारखा वाचायचे आणि काही न घेता परत यायचे. "क्या चाचा, टायर ले रै की बहू देख रै?" असं रशीदभाई विचारायचे. काका म्हणायचे, "घ्यायचंय. पोरगा आला की."

हे 'पोरगा आला की' मी कितीदा ऐकलं असेल, पण तेव्हा मला त्यात काही ऐकू आलं नव्हतं.

आता त्यांच्या ट्रेलरबद्दल सांगायला हवं. ट्रॉली म्हणायचं नाही. "ट्रॉली दवाखान्यात असती. हा ट्रेलर हाय." काकांच्या जुन्या जीपच्या मागं जोडायचा, दोन चाकांचा, निळ्या रंगाचा, घरच्या घरी वेल्डिंग करून बनवलेला. काकांचा मुलगा मिलिंद इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना बापलेकांनी सुट्टीत मिळून तो बनवला होता. काकांनी कापायचं, मिलिंदनं जोडायचं. मागच्या फळीवर आतल्या बाजूला मिलिंदनं खिळ्यानं दोघांची नावं कोरलीत, आणि खाली 'इंजिनियर' असं लिहून दोघांच्या नावाकडे बाण काढलेत.

गल्लीतल्या निम्म्या लोकांचं घरसामान या ट्रेलरमधून आलंय. जयंतीच्या मिरवणुकीतली खिरीची डेग, लग्नांच्या खुर्च्या, कुणाचं कपाट, कुणाचा आजारी बाप गादीसकट, सगळं ट्रेलरमधून. काका फुकट नेत, पण अटी घालत. वेग तीसच्या वर नाही. उन्हाळ्यात ट्रेलर कडुनिंबाखाली, विटांवर चढवलेला, टायरांवर ओली पोती. आणि ट्रेलरच्या खाली कुणी वाकायचं नाही.

का, ते कुणी विचारलं नाही. काकांच्या टायरबद्दल शंका घेणं म्हणजे डॉक्टरला 'तुम्ही हात धुतले का' विचारणं. टायर काळेभोर होते, नक्षी खोल होती, बास. आता मागं वळून पाहते तेव्हा कळतं, की तीसचा वेग एका वर्षी वीस झाला. मग काकांनी वाळूजच्या पलीकडे ट्रेलर न्यायचं सोडलं. गेल्या जयंतीला तर ते मिरवणुकीत ट्रेलरच्या पुढं पायी चालत होते आणि जीप पहिल्या गिअरमध्ये मागून येत होती. आम्हाला वाटलं, वय झालं, विक्षिप्तपणा वाढला. आम्ही हसलो.

यंदा बुद्धपौर्णिमेला आमच्या गल्लीनं मिळून एका विहाराला बुद्धमूर्ती द्यायचं ठरवलं. विहार काकांच्या गावचा, देवगाव रंगारीचा. मूर्ती पांढऱ्या दगडाची, चार माणसांनी उचलावी अशी, आणि आमच्याच समाजमंदिरात आणून ठेवलेली. बैठकीत कुणीतरी म्हणालं, टेम्पो करू. काका उठून उभे राहिले.

"माझ्या गावाला मूर्ती जायली अन् ती परक्याच्या टेम्पोत? ट्रेलर हाय ना माझा."

पौर्णिमा सोमवारी होती. शनिवारी दुपारी मी ट्रेलर धुवायला गेले. काका दोरी आणायला बाहेर गेले होते, आणि मंदाकाकू, म्हणजे त्यांच्या घरच्या, आत भाकरी थापत होत्या. पाण्याचा पाइप ओढता ओढता माझ्या हातातली ब्रशाची दांडी ट्रेलरखाली घरंगळली. मी वाकले. वाकले ती आडवीच झाले, कारण दांडी पार चाकामागं गेली होती. आणि टायरच्या आतल्या अंगाला, माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर, ती लांबट चौकट दिसली.

मी सवयीनं अंगठ्यानं चिखल पुसला. शून्य नऊ बारा.

मला वाटलं, चुकीचं वाचलं. सरपटत दुसऱ्या चाकाकडे गेले. शून्य नऊ बारा. बारा सालचा नववा आठवडा. तेरा वर्षं. चौकटीभोवती रबराला बारीक भेगा, वाळलेल्या तळ्यासारख्या. बाहेरच्या अंगाला मात्र एकही नाही, कारण तिकडे रोज ओलं पोतं.

माझं डोकं फिरलं. ज्या माणसानं माझ्या नणंदेचं लग्न टायरवरून अडवलं, शववाहिनी अडवली, ज्याच्यामुळं मी अख्ख्या गल्लीत 'टायरवाली ताई' झाले, तो स्वतः तेरा वर्षांच्या टायरवर, वैशाखातल्या उन्हात, पन्नास-साठ किलोमीटर मूर्ती नेणार होता? आणि मूर्तीला धरून मागं बसणार होतो आम्ही पाच बाया! मी तशीच चिखलाच्या साडीनं घरात घुसले.

"काकू, काका कुठंयत? अहो, ट्रेलरचे टायर तेरा वर्षांचेत!"

काकूंनी तव्यावरची भाकरी उलटली. "व्हय. मला वाटलं, तुला ठाऊक असंल. तू तर त्यांची शिष्या."

"मग बदलत का नाहीत?"

काकूंनी हात पुसले, उठल्या, आतल्या खोलीत गेल्या आणि पलंगाची खाली लोंबणारी चादर वर केली. "ये, बघ माझ्या सवती. दोन-दोन हायत."

पलंगाखाली काकूंच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेले दोन टायर होते. एकाचं लुगडं काकूंनी सोडलं. कोरा टायर. रस्त्याला कधीच न लागलेला. त्याचं जावळ तसंच होतं, एकूण एक केस.

"ह्या ट्रेलरचं टायर बसवलं ना, तवा पोरगं म्हणलं होतं, बाबा, फुडचं टायर बी आपण दोघांनीच बसवायचं," काकू सांगायला लागल्या. "सहा वरीस झाली, ह्यांनी ही जोडी आणून ठिवली. मिलिंद दिवाळीला यायचा होता बंगळूरहून. त्या दिवाळीला सुट्टी नाय मिळाली. मंग ते लॉकडाऊन. मंग लग्नाला आला, तर नवरदेव, हळदीच्या हातानं पाना कुठं धरायचा? मंग लेकरू झालं. मी म्हणते, रशीदकडं न्या, दहा मिन्टात बसवून देईल. तर म्हणत्यात, पोरगा आला की. झोपंत रबराचा वास येतो मला, सांगू कुणाला?"

मी ऐकत होते, पण माझा अंगठा आपोआप टायरच्या कडेवर फिरत होता. बत्तीस अठरा. मी मनात हिशोब केला आणि हात मागं घेतला. अठरा सालचा ऑगस्ट. त्याला सहा होऊन नऊ महिने झाले होते.

दारात चपलांचा आवाज झाला. काका सुताच्या दोरीचं वेटोळं खांद्यावर घेऊन आले आणि आम्हाला पलंगापाशी बसलेलं बघून थांबले.

मी भांडायचं ठरवून आले होते. तोंडातून एवढंच निघालं, "काका, शून्य नऊ बारा."

"वाकलीस का खाली?"

"व्हय."

"आकडे मीच आत फिरवून घेतले होते. कुणी इचारू नये म्हणून." काकांनी दोरी खाली ठेवली. "आता तू ही बी वाचली असशील."

"बत्तीस अठरा."

"मागच्या ऑगस्टात सहा झाली. दुसऱ्या हप्त्यात. मला ठाऊक नसंल व्हय?"

काकू एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होत्या. "म्हंजी? ही बी बाद?"

"व्हय."

"अवं, पर ही तर फिरलीच नायत!"

"नाय फिरली," काका म्हणाले आणि पलंगावर बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मिलिंद उद्या सकाळी यायलाय. आम्ही दोघं रशीदकडं जाऊन नवीन आणू, बसवू अन् परवा निघू. सगळं ठरलंय. तू घाबरू नको, त्या टायरवर मी मूर्ती नेली नसती."

तितक्यात फोन वाजलाच. काकांचा फोन कायम स्पीकरवर असतो, कारण कानाला लावला की त्यांना बोलल्यासारखं वाटत नाही. मिलिंदचा आवाज खोलीभर झाला. "बाबा, अहो, जमंना झालंय. सोमवारीच आमचं नवीन काम चालू व्हायलंय, मलाच थांबायला लागंल. दिवाळीला पक्कं येतो."

"व्हय, व्हय," काका म्हणाले. "काम सोडू नको. लेकरू काय करायलंय?"

"झोपलंय आत्ताच."

"झोपू दे, झोपू दे."

"मूर्ती नीट न्या. अन् बाबा," मिलिंद हसला, "टायर तेवढे बघून घ्या हां. सहा म्हंजी सहा!"

काकाही हसले. "सहा म्हंजी सहा," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

तव्यावर भाकरी करपत होती, काकूंनासुद्धा वास आला नाही. मला इतकं वाईट वाटलं, की मी चिखलाचा पदर तोंडाला लावून उभी राहिले. मिलिंदचा रागही येईना. त्यानं काही वाईट केलं नव्हतं. त्याला बिचाऱ्याला वाटत होतं, की बाबांनी टायर कधीच बदललेत. बाबा नियमाचे पक्के आहेत, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार?

काकांनी दोरी उचलली, तिचं विस्कटलेलं वेटोळं परत नीट केलं, गाठ मारली. मग ते उठले, आणि कंपनीच्या फाटकात उभे राहत असतील तसे ताठ उभे राहिले.

"जोती, पाना धरता येतो का?"

"नाय."

"मंग उद्या शिकशील. सकाळी सातला ये. साडी नको, पंजाबी ड्रेस घाल."

रविवारी सकाळी आम्ही ट्रेलरची चाकं काढली. नट कित्येक वर्षं जागचे हलले नव्हते. काकांनी रात्रीच तेल सोडून ठेवलं होतं, तरी मला पान्यावर दोन्ही पाय देऊन उभं राहावं लागलं. गल्ली बघायला जमली. पहिला नट सुटला तेव्हा मी पान्यासकट खाली आले आणि टाळ्या पडल्या. काकांनी सगळ्यांना हाकललं. "तमाशा हाय का? एक आकडा वाचता येत नाय कुणाला."

चाकं आणि पलंगाखालची जोडी जीपमध्ये टाकून आम्ही रशीदभाईचं दुकान उघडायच्या आधी दारात हजर. रशीदभाई कुलूप काढता काढता म्हणाले, "चाचा, आज सच्ची में गिऱ्हाईक बनके आये?" काकांनी दुकानातले सहा टायर उतरवायला लावले, सहाही वाचले आणि दोन निवडले. शून्य सात पंचवीस. याच फेब्रुवारीतले.

"आकडे बाहेरच्या अंगाला ठेव," त्यांनी बजावलं.

चाकांवर टायर चढवून झाले तेव्हा रशीदभाईंचं लक्ष जीपमधल्या जोडीकडे गेलं. लुगड्याची घडी बाजूला करून त्यांनी बघितलं. "अरे चाचा! ये तो एकदम कोरा माल है. बालां भी नै गिरे इसके. छोड दो मेरे पास, कोई भी ले जाता."

"कोई भी ले जाता," काका म्हणाले, "इसी वास्ते काटना है. पट्टी देव."

रशीदभाईंना वाटलं, चेष्टा आहे. काकांनी हात पुढं केलेलाच होता. पट्टी म्हणजे रबर कापायचं त्यांचं लांब पातं. काका जमिनीवर बसले, पहिला टायर मांडीशी घेतला, एकदा त्याच्या जावळावरून हात फिरवला आणि कडेत पातं घातलं. तो टायर सहज कापला जात नव्हता. मी मदतीला गेले, तर कोपरानं मला मागं सारलं. एका बाजूला तीन ठिकाणी, दुसऱ्या बाजूला तीन ठिकाणी. मग दुसरा टायर, तसाच. मिशीवरून घाम टपकत होता, पण हात कुठं थांबला नाही. आता ते टायर जगात कुणी कुठल्या चाकावर चढवू शकणार नव्हतं. रशीदभाईंनी न सांगता चहा मागवला. कापून झाल्यावर काकांनी काकूंच्या लुगड्याच्या दोन नीट घड्या केल्या आणि जीपच्या सीटवर ठेवल्या.

दुपारी कडुनिंबाखाली आम्ही चाकं बसवली. "एक आवळला की त्याच्या समोरचा आवळायचा," काका शिकवत होते. "शेजारचा नाय. शेजारचा आवळला की चाक तिरकं बसतं." मी आवळत होते, ते वरून एकेका नटावर पाना लावून तपासत होते. एकही नट त्यांनी स्वतः आवळला नाही. सगळे मला आवळायला लावले. शेवटचा झाल्यावर म्हणाले, "बरं जमायलंय तुला," आणि लगेच दुसरीकडे बघत पोती उचलायला लागले.

सोमवारी सकाळी मूर्ती निघाली. खाली गाद्या, चारी बाजूंनी उशा, वरून सुताची दोरी. आम्ही पाच बाया मूर्तीला धरून बसलो. काकू पुढं काकांशेजारी. लासूरच्या रस्त्याला लागलो आणि मी बघितलं, जीप चाळीसनं चालली होती. इतक्या वेगानं काकांचा ट्रेलर मी कधीच पाहिला नव्हता. बायांनी गाणी म्हटली. काका तीनदा थांबले, तिन्ही वेळा उतरून दोन्ही टायरांवर तळहात ठेवून बघितला, लेकराचा ताप बघतात तसा. तिन्ही वेळा म्हणाले, "कोमट हाय. चला."

देवगावला विहारासमोर सगळं गाव जमलं होतं. चौघांनी मूर्ती उतरवली, फुलं पडली, जयघोष झाला. भंतेजी स्वागताला बाहेर आले तर काका कुठं दिसेनात. ते भंतेजींना घेऊन आलेल्या गाडीच्या मागच्या चाकापाशी बसले होते. तिथून उठले ते मात्र मूर्तीसमोर जाऊन बराच वेळ हात जोडून उभे राहिले.

जेवणं झाल्यावर ट्रेलरच्या सावलीत बसून त्यांनी मला फोन दिला. "ह्या आकड्याचा फोटू काढ. स्पष्ट येऊ दे. मिलिंदला पाठव."

मी फोटो काढला. शून्य सात पंचवीस, ठळक, बाहेरच्या अंगाला. "खाली काही लिहू का?"

"लिही. मूर्ती नीट पोचली. टायर नवीन टाकले." काका बोटांवर मोजत होते. "फुडचे टायर फेब्रुवारी एकतीसला बदलायचे. आत्तापासून रजा टाकून ठिव. सहा म्हंजी सहा."

मी लिहीत होते आणि मनात मोजत होते. काका सहासष्टचे. म्हणजे बहात्तर. मी संदेश वाचून दाखवला, त्यांनी मान हलवली, मी पाठवला. मला राहवलं नाही.

"काका, अन् तवा बी नाय मिळाली रजा तर?"

काकांनी हातातली काडी मोडली. समोरच्या टायरवर एक जावळाचा केस अजून उभा होता, तो बोटानं हळूच आडवा केला.

"मंग तू हायस की," ते म्हणाले. "पर हे त्याला कळवू नको."